गिरणीनंतरचा कामगार : वसई–विरार परिसर आणि ‘हलक्या’ कामाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

मुंबईच्या गिरणी कामगाराचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. पहिले अंग कामगारवर्गाच्या निर्मितीचे. कोकणातून व घाटावरून माणूस गिरणीत कसा आला, त्याची भरती कोणी केली, तो शहरात कोठे व कसा राहिला, या प्रश्नांचा ऊहापोह मॉरिस डेव्हिड मॉरिस यांच्या १९६५ च्या ग्रंथापासून राजनारायण चंदावरकर यांच्या १९९४ च्या ग्रंथापर्यंत विस्ताराने झालेला आहे. दुसरे अंग संघटनांचे व संपांचे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरविलेल्या सभांपासून १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपापर्यंत, आणि तेथून १९८२ च्या संपापर्यंत, या अंगाची साधने विपुल आहेत. परंतु ज्या दिवशी कामगाराचे नाव गिरणीच्या हजेरीपटावरून गेले त्या दिवशी बहुतेक इतिहासग्रंथांतूनही तो नाहीसा होतो. त्यानंतर त्याने कोणते काम पत्करले, त्या कामात त्याला पूर्वीचा मान राहिला काय, आणि नसल्यास त्या उणेपणाचा अर्थ त्याने स्वतःशी कसा लावला, हे प्रश्न बहुधा कादंबरीकार व नाटककार यांच्यावर सोपविण्यात आले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक या संदर्भात सर्वांस ठाऊक आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार वसई–विरार या परिसराच्या अनुषंगाने करावयाचा आहे. पत्करलेल्या धंद्यातून बाहेर फेकला गेलेला मनुष्य जेव्हा समाजात कमी दर्जाचे मानले जाणारे काम हाती घेतो, तेव्हा तो नेमके काय गमावतो? केवळ वेतन, की आणखी काही? आणि ज्या कामाला आपण सहजपणे ‘हलके’ म्हणतो, ते कोणाच्या दृष्टीने हलके असते? या दोन प्रश्नांभोवती पुढील विवेचन गुंफले आहे. मुंबईच्या या उपनगरी पट्ट्याची निवड करण्यास कारणही तसेच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत गिरणगाव सोडावे लागलेली असंख्य कुटुंबे नालासोपारा, विरार, वसई येथे येऊन राहिली. त्यामुळे या अवस्थांतराचे भौगोलिक रूप येथे जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

२. पूर्वपीठिका

पद गेल्यावर कमी दर्जाचे काम पत्करावे लागणे ही घटना आधुनिक उद्योगधंद्यांबरोबर उत्पन्न झाली असे नव्हे. वसईच्या भूमीला तर सत्तांतरांची सवयच आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने ती जिंकली, १७८० मध्ये इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली. या प्रत्येक फेरबदलात कोणाची तरी चाकरी संपली. १७३९ च्या शरणागतीनंतर वसईतील पोर्तुगीज जमीनदार घराणी मुंबईस व गोव्यास निघून गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या गावांचे उत्पन्न जाऊ शकले नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर शिलेदार, शिबंदी व कारकून यांच्यावर जो प्रसंग ओढवला तो याच जातीचा, परंतु संख्येने कितीतरी मोठा होता. काही जणांना नव्या राज्यात अल्प वेतनाची नोकरी मिळाली आणि पुष्कळांनी पुन्हा नांगर धरला.

या जुन्या उदाहरणांतून एक भेद ध्यानात येतो. शिलेदाराची चाकरी गेली तरी त्याचे वतन, त्याचे गाव व भाऊबंदांतील त्याचे स्थान सहसा शिल्लक राही. त्याची पत केवळ चाकरीवर उभी नव्हती. विणकराची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत सोलापूरसारख्या विणकरवस्तीच्या गावांत असा प्रश्न उभा राहिला की, उपाशी विणकराला सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडावयास धाडावे, की त्याच्या मागावरच त्याला काम पुरवावे? खडी फोडणाऱ्या हाताला पुढे बारीक सूत हाताळता येत नाही, हा त्यामागील व्यावहारिक मुद्दा होता. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक मुद्दा होता. कारागिराचे कसब हेच त्याचे भांडवल, आणि ते एकदा मोडले म्हणजे सुकाळ आल्यावरही तो पूर्वीच्या जागी परतत नाही. तात्पर्य, पद गमावणे आणि कसब गमावणे या दोन निरनिराळ्या हानी आहेत. गिरणी कामगाराच्या बाबतीत या दोन्ही हानी एकदम झाल्या, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. गिरणीतील दर्जा

गिरणीतील काम प्रतिष्ठेचे होते, हे विधान आज काहींना चमत्कारिक वाटेल. उष्मा, कापसाची किंतान, यंत्रांचा कानठळ्या बसविणारा आवाज आणि रातपाळी यांनी भरलेल्या त्या आयुष्यात प्रतिष्ठा कसली, असा प्रश्न विचारता येईल. तथापि कामगाराच्या दृष्टीने पाहिल्यास त्या प्रतिष्ठेचे घटक स्पष्ट होतात.

पहिला घटक कसबाचा. साचेखात्यातील विणकर, म्हणजे साचेवाला, हा उक्त्या दराने काम करणारा आणि सामान्यतः अधिक मिळकतीचा कामगार. परंपरेने तो दोन साचे चालवी. एका माणसाकडे दोनाहून अधिक साचे देण्याच्या मालकांच्या योजनेला १९२० नंतरच्या दशकात जो तीव्र विरोध झाला, त्यामागे बेकारीचे भय तर होतेच, पण आपल्या कामाची रीत आपण ठरवू हा कसबी माणसाचा आग्रहही होता.

दुसरा घटक कायद्याने मिळालेल्या स्थैर्याचा. १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतील वेतन प्रमाणित झाले. १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना आली, १९५२ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी, १९६५ च्या कायद्याने बोनस आणि १९७२ च्या कायद्याने उपदान. ‘कायम’ कामगाराचे तिकीट हाती असणे म्हणजे या साऱ्या हक्कांची मालकी असणे होय. बदली कामगार वर्षानुवर्षे सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभा राही, तो याच तिकिटाच्या आशेने. बापाच्या जागी मुलगा लागावा ही अपेक्षाही रूढ झाली होती. त्यामुळे गिरणीची नोकरी ही एका माणसाची न राहता घराण्याची होऊन बसली.

तिसरा घटक गावाकडील मानाचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा सातारा जिल्ह्यातील खेड्यात मुंबईचा माणूस दरमहा मनिऑर्डर पाठवी, गणपतीला किंवा जत्रेला घरी येई, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देई. कोकणात त्याला ‘चाकरमानी’ म्हणत. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. त्यात चाकरीचा उल्लेख असूनही त्याचा वापर मात्र मानाचा होता. गावात राहिलेल्या भावापेक्षा चाकरमान्याचा शब्द वजनदार असे. चाकरी सुटली म्हणजे ही पदवीही सुटते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या कोष्टकांत दिसत नाही.

या प्रतिष्ठेचा वाटा सर्वांना सारखा मिळाला नव्हता, हेही येथेच नमूद केले पाहिजे. साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत ओढून घेताना ते तोंडाने शोषावे लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण पुढे केले जाई. सर्वांत चांगल्या मिळकतीचे खाते अशा रीतीने जातीच्या भिंतीआड राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता. स्त्रियांची स्थिती आणखी वेगळी. १९२० नंतरच्या दशकात गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एकपंचमांश स्त्रिया होत्या. पुढील अर्धशतकात ते प्रमाण अगदी अल्प झाले. यंत्रांचे व कामाचे पुनर्संघटन, रात्रीच्या कामावरील बंदी, आणि १९२९ च्या प्रसूती साहाय्य कायद्याने पडणारा खर्च टाळण्याची मालकांची प्रवृत्ती ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात. अर्थात्, १९८२ च्या पूर्वीच एक मोठा कामगारगट गिरणीबाहेर गेलेला होता, आणि त्याच्यासाठी कोणताही संप झाला नव्हता.

४. संप आणि त्यानंतर

१९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावरून काही गिरण्यांत असंतोष उफाळला आणि कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. साठांच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातील एकाच प्रातिनिधिक संघटनेची तरतूद रद्द करणे या मुख्य मागण्या होत्या. त्या तरतुदीनुसार मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, त्यामुळे ज्यांच्यामागे कामगार उभे होते त्यांच्याशी सरकार वा मालक कायद्याने बोलणी करीत नव्हते. संपाच्या काळात मालकांनी भिवंडी व अन्यत्र यंत्रमागांवर कापड विणून घेतले. १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. हा संप औपचारिकपणे मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.

हा अखेरचा तपशील इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे. संप संपल्याची तारीख नाही, म्हणून अनेक कामगारांच्या बाबतीत नोकरी संपल्याचीही निश्चित तारीख नाही. कोणी गावी गेला व परत आला तेव्हा दरवाजा बंद होता. कोणाला जुन्या सेवेचे हक्क सोडून नव्या अटींवर सही करावी लागली. कोणी वर्षानुवर्षे ‘गिरणी पुन्हा सुरू होईल’ या आशेवर राहिला. एक लाखाच्या वर कामगार पुन्हा कामावर गेले नाहीत, असा सर्वसाधारण अंदाज मांडला जातो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी झाली, २००१ मध्ये त्या नियमात बदल होऊन शहराला व गृहनिर्माणाला मिळावयाचा हिस्सा फार आकसला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरविला. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आदींनी स्थापन केलेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने या काळात देणी, रोजगार व घरे यांसाठी लढा दिला. पुढे स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. कामगारांच्या बोलीत याला ‘हिशोब घेणे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण आहे. एकदा हिशोब घेतला की गिरणीशी काही देणेघेणे उरत नाही.

५. वसई–विरारकडे

हिशोबाची रक्कम हाती आली, किंवा तीही आली नाही, तेव्हा कुटुंबापुढे दुसरा प्रश्न उभा राही, तो जागेचा. परळ, लालबाग, वरळी येथील चाळीतली खोली ही जुन्या भाड्याची, दहा बाय बाराच्या आसपासची. मुले मोठी झालेली, भावाभावांत वाटणीचा प्रश्न निघालेला. खोलीचा हक्क पागडीने दुसऱ्यास देऊन आलेल्या रकमेत दूरच्या उपनगरात स्वयंपाकघरासह एक खोली घ्यावयाची व उरलेल्या पैशांत मुलीचे लग्न किंवा कर्ज भागवावयाचे, हा मार्ग अनेकांनी पत्करला. मध्य रेल्वेवर कल्याण–डोंबिवली आणि पश्चिम रेल्वेवर नालासोपारा–विरार ही त्यासाठीची ठिकाणे ठरली.

विरार चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. विरारहून मुंबईस पहिली लोकलगाडी १८६७ मध्ये सुटली आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या १९३६ मध्ये विरारपर्यंत आल्या. तरीही १९८० पर्यंत हा परिसर मुख्यतः केळीच्या व पानवेलींच्या वाड्यांचा, भाजी व फुले पिकविणाऱ्यांचा, मिठागरांचा आणि अर्नाळा–पाचूबंदर येथील मच्छीमारांचा होता. १९९० मध्ये सिडकोकडे येथील नियोजनाचे काम आले. त्याच सुमारास हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी स्थानिक लोकांची मोठी चळवळ उभी राहिली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर–माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर नोंदली गेली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.

या वाढीचे सारे श्रेय वा दोष गिरणी कामगारांच्या स्थलांतराला देणे चुकीचे होईल. येथे येणाऱ्यांत कारकून होते, रेल्वेचे नोकर होते, परप्रांतांतून आलेले मजूरही होते. जनगणनेच्या पत्रकात ‘पूर्वीचा व्यवसाय’ असा रकाना नसतो, म्हणून गिरणीतून आलेल्यांचे प्रमाण त्यावरून काढता येत नाही. परंतु गणपतीच्या व शिमग्याच्या दिवसांत येथून कोकणात सुटणाऱ्या गाड्या, गावांच्या नावाने चालणारी मंडळे, भजनी मंडळींचे डबे यांवरून गिरणगावाचा सामाजिक सांगाडा येथवर चालून आला, हे सहज उमगते. जे चालून आले नाही ते गिरणगावाचे अंतर. गिरणगावात घर व काम यांच्यामध्ये केवळ भोंग्याच्या हाकेचे अंतर होते. येथे पन्नाशी गाठलेल्या माणसाला पहाटेची गाडी पकडून परळ–दादरला जावे लागे, आणि तेही पूर्वीपेक्षा कमी पगाराच्या कामासाठी.

६. पत्करलेल्या वाटा

गिरणी सुटलेल्या कामगाराने जी कामे पत्करली त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग तेच कसब कमी दर्जाच्या परिस्थितीत वापरणाऱ्यांचा. वसईहून कामणमार्गे भिवंडी फार दूर नाही. तेथील यंत्रमागांवर साचेवाल्याचे कसब चालण्याजोगे होते. परंतु तेथे कामाचे तास अधिक, दर कमी, आणि विमा, भविष्य निर्वाह निधी, रजा यांची शाश्वती नाही. विणलेले कापड तेच, विणणारा हातही तोच. बदलला तो कायद्यातील दर्जा. ज्या यंत्रमागांनी संपाचे बळ खच्ची केले, त्यांच्याकडेच काम मागावयास जावे लागले, यातील शल्य ओळखण्यास अधिक विवेचनाची गरज नाही.

दुसरा वर्ग कसब टाकून निराळे काम धरणाऱ्यांचा, आणि हाच सर्वांत मोठा दिसतो. पहारेकरी, शिपाई, हमाल, भाजीविक्रेता, वडापावची गाडी चालविणारा, रिक्षाचालक, वसई पूर्वेच्या वालीव–सातिवली–गोखिवरे भागातील लहान कारखान्यांतील मदतनीस, अशी ही कामे होत. त्यांत पहारेकऱ्याचे काम विशेष विचारार्ह आहे. ते मिळविण्यास वय आड येत नाही, शिक्षण फारसे लागत नाही, भांडवल तर मुळीच लागत नाही. १९८१ मध्येच महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांविषयीचा कायदा झाला होता. त्यानुसार स्थापन झालेल्या मंडळात नोंदणी झालेल्या रक्षकाला वेतनाचे व रजेचे काही संरक्षण मिळे. परंतु मंडळाबाहेर, ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याला बहुधा बारा तासांची पाळी व दर काही महिन्यांनी जागाबदल हेच वाट्यास येई. गिरणीत कामगाराचे मोल त्याने विणलेल्या वारांवर मोजले जाई. पहाऱ्यावर त्याचे मोल केवळ त्याच्या हजर असण्यावर ठरते. हातांना काम नसणे हेच त्याचे काम. सुतावरून सुताचा क्रमांक ओळखणाऱ्या बोटांना येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे वहीत लिहून घ्यावी लागली, हा बदल वेतनाच्या आकड्यांत मावत नाही.

तिसरा वर्ग गावी परतलेल्यांचा. तो आपल्या विषयक्षेत्राबाहेरचा असल्याने येथे एवढेच नमूद करावयाचे की, परतणे नेहमीच अखेरचे नव्हते. शेतीच्या दिवसांत गावी, एरवी नालासोपाऱ्यात मुलाकडे, असे हेलपाटे घालणारी कुटुंबे पुष्कळ होती.

या तिन्ही वर्गांच्या जोडीला घरातील स्त्रियांच्या कामाचा विचार अनिवार्य आहे. पुरुषाची नोकरी जाताच पुष्कळ घरांत स्त्री बाहेर पडली. घरकाम, स्वयंपाकाची कामे, पापड लाटणे, नकली दागिन्यांना खडे चिकटविणे, कपड्यांचे धागे कापणे अशी उक्त्या दराची कामे वसई–विरारच्या चाळींत व इमारतींत आजही घराघरांत चालतात. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना कर्जाच्या सोयीसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले होते. संपाच्या काळात अनेक संपकऱ्यांची जेवणे अशा खानावळींनी उधारीवर चालविली. वसई–विरारला आलेल्या स्त्रीच्या मागे मात्र असे संघटन क्वचितच होते. पुरुष ‘हलके काम कसे करू’ म्हणून काही महिने घरी बसला आणि त्या अवधीत घर बाईने चालविले, ही हकिकत त्या पिढीतील घराघरांतून ऐकू येते. कामाची लाज बाळगण्याची सवड पुरुषाला मिळे, ती स्त्रीच्या कष्टांमुळे.

७. ‘हलके’ म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरील विवेचनावरून कामाच्या दर्जाची घसरण चार निरनिराळ्या अर्थांनी झाली असे दिसते. वेतन घटले. कायद्याचे संरक्षण गेले. कसब निरुपयोगी ठरले. आणि ज्यांच्या नजरेत मान होता त्यांच्यापुढे त्याचे स्थान बदलले. या चारही गोष्टी एकाच प्रमाणात, एकाच वेळी घडत नाहीत. मंडळात नोंदणी झालेल्या पहारेकऱ्याला कायद्याचे संरक्षण राहिले पण कसब गेले. भिवंडीच्या साचेवाल्याचे कसब राहिले पण संरक्षण गेले. भाजीची गाडी लावणाऱ्याची मिळकत प्रसंगी गिरणीच्या पगाराइतकी झाली, तरी गावी तो ‘गिरणीत आहे’ असे सांगण्याची सोय उरली नाही. म्हणून ‘कमी दर्जाचे काम’ हा एकच शब्द वापरून या सर्व अनुभवांची एका मापाने मोजणी करणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष होय.

अहमदाबादच्या गिरण्या बंद पडल्यावर तेथील कामगारांचे काय झाले, याचा यान ब्रेमन यांनी २००४ च्या ग्रंथात जो अभ्यास मांडला आहे, त्यातही मिळकतीतील घटीबरोबरच संघटित जीवनाचा ऱ्हास हा मुद्दा ठळक आहे. गिरणीत निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एका पाळीत, एका संघटनेत एकत्र येत. पांगल्यानंतर प्रत्येक जण आपापल्या भाऊबंदांच्या ओळखीवर काम शोधू लागला. मुंबईच्या संदर्भातही या दिशेने शोध घेण्यास वाव आहे.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गिरणीच्या गतवैभवाचे चित्र रंगविताना आपण साचेवाल्याच्या डोळ्यांनी पाहतो. ज्याला साचेखात्याचा दरवाजा जातीमुळे बंद होता, त्याच्या वा त्याच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिल्यास गिरणीही दर्जाची उतरंडच होती. ज्या स्त्रियांना गिरणीने पूर्वीच बाहेर काढले, त्यांच्या लेखी १९८२ ही आपत्तीची सुरुवात नव्हे. आणि पहाऱ्याचे, झाडलोटीचे, हमालीचे काम पिढ्यानुपिढ्या करीत आलेल्या माणसाला आपण काय सांगावयाचे? त्याचे काम आपल्याला हलके वाटते, याचे दुःख आपण साचेवाल्याच्या वतीने करतो, आणि तसे करताना त्या कामावर असलेल्या मूळच्या माणसाची अवहेलना करतो. यावर असे उत्तर देता येईल की, साचेवाल्याचे दुःख कामाच्या जातीचे नसून सक्तीचे होते. स्वेच्छेने कोणी पहारेकरी झाला असता तर त्यात उणेपणा कोणता? हे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे, पण पूर्णतः नाही. कारण गिरणीत असताना ज्या कामांना तो स्वतः कमी लेखीत होता, त्या कामांची किंमत त्याला कळली ती त्या जागी गेल्यावर. हा बोध किती जणांनी घेतला व किती जणांनी केवळ कडवटपणा घेतला, हे सांगणे अवघड आहे. तथापि श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी आपण जे सिद्धान्त मांडतो, त्यांची खरी कसोटी अशाच अवस्थांतरात लागते, एवढे म्हणता येईल.

८. साधने

अखेरीस साधनांविषयी. या विषयाचे मुख्य अडसर असे की, गिरणीच्या दप्तरात कामगार आहे तोपर्यंतच त्याची नोंद आहे, आणि नंतरची बहुतेक कामे नोंद न ठेवणारी आहेत. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासाने गिरणगावातील आवाज टिपून ठेवले, ही फार मोलाची कामगिरी आहे. गिरणगावाबाहेर गेलेल्यांच्या बाबतीत तशा प्रयत्नांची निकड आहे.

एक अनपेक्षित साधन मात्र निर्माण झाले आहे. ५८ गिरण्यांच्या कामगारांना वा त्यांच्या वारसांना घरे देण्याच्या योजनेसाठी २०१० नंतरच्या वर्षांत म्हाडाकडे सुमारे दीड लाख अर्ज आले. १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर हजेरीपटावर असणे ही पात्रतेची अट होती. २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत निघाली, त्यावरून मागणी व पुरवठा यांतील अंतर कळते. पात्रता सिद्ध करण्यासाठी ओळखपत्र, तिकीट क्रमांक, लाल पास, पगारपावती, भविष्य निर्वाह निधीचा वा राज्य विम्याचा क्रमांक, रजेचे पुस्तक असे पुरावे मागितले गेले. घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. तीस वर्षे पहारा केलेल्या, भाजी विकलेल्या माणसाला आपण गिरणी कामगार होतो हे कागदाने सिद्ध करावे लागले, आणि ज्यांनी ते कागद जपले होते त्यांनी ते केवळ घराच्या आशेने जपले नव्हते. घराची योजना निघण्याच्या कितीतरी आधीपासून ते जपलेले होते.

या कागदांचे मोल अर्जाच्या निकालापुरते नाही. एका बाजूला तिकीट क्रमांक, खाते व सेवेची वर्षे, आणि दुसऱ्या बाजूला अर्जाच्या वेळचा पत्ता, अशी जोड त्यांत मिळते. गिरणगावातील कोणत्या खात्याचा माणूस वसई, नालासोपारा वा विरार येथे पोहोचला, याचा शोध घेण्याचा तो एक मार्ग आहे. वैयक्तिक तपशील गुप्त राखून या अर्जांचा अभ्यास करण्याची परवानगी मिळविणे, त्याच्या जोडीला सुरक्षा रक्षक मंडळाची नोंदणीपत्रके पाहणे, आणि हयात कामगारांच्या व विशेषतः त्यांच्या घरच्या स्त्रियांच्या मुलाखती घेणे, असा त्रिविध कार्यक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती घेता येईल. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे, आणि चाळिशीत असलेल्यांपैकी थोडेच उरले आहेत. त्यांच्या हकिकती लिहून घ्यावयाच्या असतील तर त्या आत्ताच घेतल्या पाहिजेत. पुढील पिढीच्या अभ्यासकाला ग्रंथालयात संपाचा इतिहास मिळेल. संपानंतरच्या चाळीस वर्षांचा इतिहास मात्र ज्यांच्या स्मरणात आहे ती माणसे तेव्हा भेटणार नाहीत.